श्री शिल्लक

जीएसटी आला त्याच वर्षी, म्हणजे २०१७ साली, मी इचलकरंजीत कर सल्लागार म्हणून छोटं ऑफिस थाटलं. आज साठ-पासष्ट अशील आहेत. बहुतेक यंत्रमागवाले, काही सूत दलाल, दोन सायझिंगवाले (सुताला खळ लावणारे). मी आणि एक मदतनीस मुलगी, एवढाच कारभार. महिन्याच्या तारखा तोंडपाठ: ७ला टीडीएसचा भरणा, ११ला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं विवरण), १५ला पीएफ, २०ला ३बी (महिन्याचा कर भरायचं जीएसटीचं विवरण). लोकांना वाटतं आमच्या धंद्यात तारखा विसरण्याची भीती. तारीख कोण विसरतंय! राहून जातं ते तारखेच्या आधीचं बारीकसारीक: अमक्याकडून दोन बिलं मागवायची आहेत, तमक्याचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो मोबाइल मुलगा पुण्याला घेऊन गेलाय.

२०२३च्या ऑगस्टमध्ये असंच झालं. एका ग्रे (न रंगवलेल्या) कापडवाल्याची बिलं अपुरी होती. ‘फोन करायचा’ हे काम माझ्या अॅपमध्ये होतं, आठवणही वाजत होती. जीएसटीआर-१ भरला गेला १६ तारखेला. खरेदीदाराची २बी, म्हणजे कोणत्या बिलांवरचा कर त्याला वजा मिळेल ती यादी, १४लाच तयार होते. त्यात ही बिलं दिसली नाहीत आणि अहमदाबादच्या व्यापाऱ्याने कराची रक्कम महिनाभर अडकवून ठेवली. माझा अशील एका शब्दाने बोलला नाही, चहा घेऊन गेला. तो चहा मला अजून आठवतो.

त्या रात्री मोजलं. अॅपमध्ये १४३ कामं लाल झाली होती. त्या आधी आणखी तीन अॅप करून झाली होती. प्रत्येकाची सुरुवात सारखीच: रविवारी दुपारी हौसेने रंगीत लेबलं लावायची, प्राधान्यक्रम ठरवायचा, घरचं-ऑफिसचं वेगळं करायचं. दोन आठवडे मजा. मग एक काम उलटतं, मग पाच, आणि लाल रंग डोळ्यांना इतका सरावतो की दिसेनासा होतो. यात अॅपचा दोष होता असं मी म्हणणार नाही. न झालेलं काम ते आपणहून उद्यावर नेऊन ठेवायचं, आणि मला ते सोयीचं होतं.

वाट दाखवली सासऱ्यांनी. अण्णा चाळीस वर्षं एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर दिवाणजी होते. कीर्द-खतावणी त्यांच्या बोटांत आहे. मी कागदावर कामांची यादी करत बसले होते, तेव्हा चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, “अगं, ह्यात श्री शिल्लक कुठं आहे?”

कीर्दीचं, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीचं, पान श्री शिल्लकीने सुरू होतं. काल संध्याकाळी हातात उरलेली रोकड आज पहिल्या ओळीत स्वहस्ते लिहायची, मग दिवसाची जमा आणि नावे. संध्याकाळी रोकड मोजून ती पानाशी जुळली की मगच पेढी वाढवायची, म्हणजे बंद करायची. चार आण्यांचा फरक आला तरी अण्णा दिवा लावून बसत. “उरलेलं आपोआप पुढं जात न्हाई,” ते म्हणाले, “ते आपण ओढायचं असतं.”

१ सप्टेंबरपासून साधी दोनशेपानी वही घेतली. वर तारीख, खाली श्री शिल्लक, म्हणजे कालची न झालेली कामं, पुन्हा हाताने लिहून. मग आजची. सातच्या वर आजची कामं घ्यायची नाहीत. काम पुढे ओढलं की त्याच्यापुढे एक उभी रेघ. तीन रेघा झाल्या की चौथ्यांदा लिहायचं नाही: आत्ता करायचं, मदतनिसाला द्यायचं, नाहीतर अशिलाला ‘हे माझ्याच्याने होणार नाही’ म्हणून सांगून खोडायचं. पहिल्या महिन्यात मी एकवीस कामं खोडली. त्यातल्या एकाचीही कोणी आजवर चौकशी केलेली नाही! पुढे कळलं की रायडर कॅरॉल यांच्या बुलेट जर्नल पद्धतीतही उरलेली कामं अशी हाताने पुढे लिहितात. अण्णांना सांगितलं तर त्यांना त्याचं काडीचंही कौतुक वाटलं नाही.

पद्धत चांगली असणं आणि ती रोज पाळणं यांत फार अंतर आहे. पहिल्या आठवड्यात मी दोनदा वही न लिहिताच घरी आले. मग शटरची किल्ली पर्समधून काढून वहीच्या कव्हरच्या खिशात ठेवली. आता वही हातात घेतल्याशिवाय कुलूपच लागत नाही. ऑफिस वाढवायच्या आधी सात-आठ मिनिटं उभ्यानेच लिहायचं. बसले की फोन येतो.

गणेश चतुर्थी त्या वर्षी १९ सप्टेंबरला आणि ३बी दुसऱ्याच दिवशी. रिटर्नं कशीबशी भरली, पण नंतर गौरी-गणपतीच्या गडबडीत सहा दिवस वही उघडली नाही. पूर्वी इथेच माझं सगळं बारगळायचं. या वेळी तग धरला तो एका वाचलेल्या अभ्यासामुळे. २१ दिवसांत सवय लागते असं आपण ऐकत आलोय. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे तपासलं तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत (१२ आठवड्यांपुढचा आकडा गणिताने काढलेला अंदाज). एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही त्यांना दिसलं. माझे सहा चुकले होते, पण मी सोयीचा अर्थ काढला आणि सातव्या दिवशी शिल्लक लिहायला बसले. दोन पानं भरली. अण्णा म्हणाले, दिवाळीनंतर पेढी उघडली की असंच व्हायचं.

दिवसाचं जमलं, पण आठवड्याचा आढावा काही जमला नाही. शनिवारी तासभर शांत बसून सगळी कामं नजरेखालून घालावीत असं सगळे सांगतात. मी दोनदा बसले. माझ्या धंद्याला आठवडाच नाही, महिना आहे. म्हणून आढावा २१ तारखेला, ३बीच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी फोन थंड असतात.

मोबाइल सोडला नाही. ठरलेल्या तारखा गूगल कॅलेंडरवर दरमहा आपोआप येतात, अॅडव्हान्स टॅक्सच्या चारही १५ तारखा त्यात आहेत. अशिलांचे व्हॉट्सअॅपवरचे व्हॉइस मेसेज मी स्वतःलाच पाठवते आणि संध्याकाळी वहीत उतरवून पुसून टाकते. तीन ठिकाणं झाली, शुद्ध पद्धतवाल्यांना हे आवडणार नाही. पण कामाचा हिशेब एकाच ठिकाणी जुळतो, वहीत.

आता पाचवी वही चालू आहे. जीएसटीआर-१ त्यानंतर माझ्यामुळे उशिरा गेला नाही. घरच्या कामांना मात्र तीन रेघांचा नियम लागू पडत नाही, हे कबूल करते. काल अण्णांनी सहज वही चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं: ‘चष्म्याचा नंबर तपासणे’. पुढे अकरा रेघा. काही बोलले नाहीत. पेन घेऊन बारावी त्यांनीच ओढली.