केळं आणि मिरची: क्रूगरमधले दोन धनेश

क्रूगरला लोक सिंह बघायला जातात. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो, ऑगस्टमध्ये, पाच दिवस. सिंह दिसले ते लांबून, गवतात लोळताना. धनेश पक्षी (हॉर्नबिल) मात्र गाडीच्या आरशापर्यंत आले.

दक्षिण आफ्रिकेच्या या जंगलात धनेशाच्या दोन जाती सतत भेटतात: पिवळ्या चोचीचा धनेश आणि लाल चोचीचा. तिकडे गमतीने त्यांना ‘उडतं केळं’ आणि ‘उडती मिरची’ म्हणतात. नावं झकास, पण सकाळचं ऊन समोरून आलं की दोघांच्याही चोची काळ्याच दिसतात. पहिल्या दिवशी मी वहीत चार नोंदी खोडल्या. मग रंग सोडून पक्षी करतोय काय, ते बघायला लागले.

साटारा कॅम्पहून (नाव ऐकून कंदी पेढे आठवले, मिळाले नाहीत) ऑलिफंट्स कॅम्पकडे जाताना रस्त्याकडेला हत्तीची लीद पडली होती आणि मिरची कामाला लागली होती. बारीक, वाकडी चोच आत खुपसायची, ढेकूळ बाजूला उडवायचं, किडा टोकात धरायचा आणि मान मागे टाकून हवेतून घशात सोडायचा. उकरावं तर तिनेच. केळ्याची चोच जाड. तेही जमिनीवर उतरतं, पण वरवर दिसेल ते टिपतं, फांद्याही धुंडाळतं. ओरडताना केळं पंख पसरून वाकतं, मिरची पंख मिटूनच मान डोलावते. जवळून बघायला मिळालं तर केळ्याच्या डोळ्याभोवतीची लालभडक उघडी कातडी चुकत नाही. आणि चोच काळपट, भुवई पांढरी असेल तर तो तिसराच, आफ्रिकन राखी धनेश.

जाणाऱ्यांसाठी: डांबरी रस्त्यावर ताशी 50, कच्च्यावर 40 किलोमीटरची मर्यादा आहे, पक्ष्यांसाठी त्याहूनही हळू चालवा. ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरता येत नाही, त्यामुळे दुर्बीण मांडीवरच हवी. भाग मलेरियाचा आहे, निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. मे ते सप्टेंबर कोरडं, झाडी विरळ, पक्षी दिसायला सोपे. ढोलीत मादी स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून भरवतो, ते बघायचं असेल तर पाऊस सुरू झाल्यावर जा.

कॅम्पात नाश्ता उघडा ठेवू नका. आणि गाडी लावली की आरशांवर जुने मोजे चढवा. आमच्या केळ्याने आरशातल्या केळ्याशी वीस मिनिटं भांडण केलं, आणि ते ओरखडे कसले हे गाडी परत करताना समजावून सांगायला आम्हाला त्याहून जास्त वेळ लागला.