पोफळीचं पाणी

वाशिष्ठीच्या खाडीत मी पर्यटकांना बोटीतून फिरवतो. मालदोलीहून निघायचं, मगरी दाखवायच्या, तास-दीड तासात परत धक्क्याला. गेल्या मार्गशीर्षात एका कुटुंबाने मात्र अख्ख्या दिवसासाठी बोट ठरवली. "वडिलांना दाभोळपर्यंत न्यायचंय, सावकाश," एवढंच मुलगा फोनवर म्हणाला.

त्या दिवशी द्वादशी होती. तिथीची पाऊणपट केली की किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते, म्हणजे नऊ. खाडीत आतवर पाणी चढायला आणखी वेळ लागतो. दहाच्या पुढे, पाणी उतरायला लागल्यावर निघालो. ओहोटीत चिखलाचे काठ उघडे पडतात आणि थंडीच्या दिवसांत मगरी उन्हासाठी तिथे येऊन पडतात. तिवरांच्या आडोशाला एक मोठी मगर जबडा उघडा टाकून पडली होती. नातू घाबरला. ती चिडलेली नाही, तोंड उघडून अंगातली उष्णता बाहेर टाकतेय, असं त्याला सांगितलं. इंजिन बंद केलं, बोट ओहोटीवर सोडून दिली.

काकांचं मगरीकडे लक्षच नव्हतं. ते वाकून पाण्यात हात घालून बसले होते.

"हे आमचं पाणी," ते म्हणाले.

काका कोयनेच्या पोफळीच्या भुयारी वीजगृहात नोकरीला होते. सगळी सर्व्हिस डोंगराच्या पोटात, मशीनच्या आवाजात. कोयना खरं तर कऱ्हाडला कृष्णेला मिळते, तिचं पाणी बंगालच्या उपसागराकडे जायचं. पण 1962 साली पोफळीची वीज सुरू झाली आणि धरणातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरायला लागलं. तेच पुढे कोळकेवाडीहून वाशिष्ठीत येतं. म्हणून तर कोकणातल्या कितीतरी नद्या उन्हाळ्यात आटतात, पण चिपळूणला वाशिष्ठी वाहती असते. हे मला ऐकून ठाऊक होतं. ते पाणी ज्याच्या हातून सुटायचं असा माणूस मात्र पहिल्यांदाच माझ्या बोटीत बसला होता.

मग ते मधूनमधून हाताचं बोट बुडवून पाणी जिभेला लावत राहिले. एका वळणानंतर म्हणाले, "आता खारट लागतंय." तिथे मी पुन्हा इंजिन बंद केलं. कोणी काही बोललं नाही. वर घार फिरत होती. मुलाने फोन काढला आणि तसाच खिशात ठेवला.

दाभोळला धोपाव्याची फेरीबोट गाड्या घेऊन आडवी जाताना दिसली. पुढे खाडीचं तोंड आणि मोकळा समुद्र. काका बराच वेळ उभे होते. मी त्यांचा दंड धरून ठेवला होता.

चढत्या भरतीसोबत परत आलो. धक्क्यावर उतरताना त्यांनी विचारलं, "पौर्णिमेला भरती किती वाजता?"

मी सांगणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला, ओठातल्या ओठात हिशेब केला.

"सव्वाअकरा. जेवण घरून आणू."