धूर जरा जास्त सोडा

लग्नात तो फोटोग्राफर असतो बघा, मंगळसूत्र घालून झालं, टाळ्या वाजून झाल्या, अक्षता टाकून लोक जेवायच्या रांगेत पण लागले आणि हा म्हणतो "सर, एकदा परत, जरा इकडे बघून". अख्ख्या ट्रेनला कोणी असं करायला लावत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मित्राच्या ग्रुपमधला एकजण ऐनवेळी गळाला म्हणून मी दार्जिलिंगच्या त्या स्पेशल गाडीत घुसलो. फोटोवाल्यांनी पैसे भरून फक्त स्वतःसाठी घेतलेली गाडी. दोन रुळांमधे अंतर फक्त दोन फूट, डबे दोन आणि पुढे निळं बी क्लास वाफेचं इंजिन, म्हणजे मूळ डिझाइन 1889 चं. बरोबरची मंडळी बहुतेक ब्रिटिश नि जर्मन आजोबा, गळ्यात दोन-दोन कॅमेरे. कर्सियांग सोडून बराच वेळ झाला आणि एका वळणावर गाडी थांबली, मला वाटलं चहा असेल. कसलं काय! सगळे स्टुलं घेऊन खाली उतरले, पुढचे गुडघ्यावर, मागचे स्टुलावर, गाडी रिकामीच उलटी वळणाआड गेली आणि शिट्टी मारत धडधडत परत वर आली. ह्याला रनपास्ट म्हणतात. आम्ही तो चारदा केला, कारण एकदा मधेच जीप आली (हिल कार्ट रोड रुळांना अगदी चिकटून जातो, जीपवाल्याला तुमच्या फ्रेमचं काय पडलंय), एकदा सूर्य ढगात गेला आणि एकदा कोणाचं तरी डोकं मधे आलं. ते डोकं माझं होतं. जर्मन आजोबा जे काही बोलले ते भाषा येत नसूनही नीट कळलं.

मला खरं तर इंजिनवरची माणसं बघण्यातच जास्त मजा येत होती. एवढुश्या इंजिनवर पाचजण! ड्रायव्हर, फायरमन, कोळशाच्या ढिगावर बसून हातोडीने ढेकळं फोडणारा एक आणि पार पुढे, नाकावर बसल्यासारखे, दोघं वाळूवाले. चढावर चाक घसरायला लागलं की हे हाताने रुळावर वाळू टाकणार. गाडी चालू असताना. एकाने तर चौथ्या फेरीला माझ्याकडे बघून डोळा मारला.

मग ग्रुपचा म्होरक्या इंजिनजवळ गेला आणि म्हणाला धूर अजून पाहिजे, काळा. फायरमनने एकदा ड्रायव्हरकडे बघितलं आणि भराभर चार-पाच फावडी कोळसा आत ढकलला.

इथे मला आमचे आबा आठवले. आबा भुसावळला फायरमन होते. त्यांचं एकच पालुपद, कोळसा थोडा थोडा, पसरून आणि परत परत टाकायचा, एकदम ढीग घातला की त्याला हवा पुरत नाही, तो अर्धवट जळतो आणि पैशाचा काळा धूर होऊन वर जातो. चिमणीतून काळं निघालं की ह्या माणसाला काम येत नाही हे गावभर कळतं म्हणे. पांढरं दिसतं ती वाफ, ती थंडीत छान फुगते, म्हणून तर चीनमधे जिंगपेंगच्या घाटात लोक कडाक्याच्या थंडीत, शून्याच्या खाली कितीतरी, ट्रायपॉड लावून उभे राहायचे, 2005 च्या डिसेंबरात तिथल्या रोजच्या वाफेच्या इंजिनांच्या गाड्या बंद होईपर्यंत. काळ्याचं कौतुक फक्त कॅमेऱ्याला.

पण फोटो आला मात्र जबरदस्त. धुक्यात निळं इंजिन, वर काळाकुट्ट लोट, खाली वाळूवाल्याचा लाल मफलर. मोठी प्रिंट काढून भुसावळला घेऊन गेलो. आबांनी चष्मा लावला, खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला. मला वाटलं डोळ्यात पाणी येतंय की काय.

"कोन होता रे हा फायरमन?" आबा म्हणाले, "मेमो द्या त्याला."