‘बघते’ हा शब्द एजंटाला कळत नाही

आमचा सहा जणांचा कंपू आता तीन खंडांत विखुरलाय. चौघं इथं युरोपात, एक जण अमेरिकेत, एक भारतात. महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर जमायचं, एवढंच ठरवायचं असतं. पण ग्रुपवर ‘शनिवारी जमेल का?’ विचारलं की चाळीसेक मेसेज व्हायचे आणि शनिवार उलटून जायचा.

त्यात मार्चचा घोळ. अमेरिकेत घड्याळं दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी आणि भारतात जातच नाहीत. त्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत कुणीतरी हमखास तासभर चुकायचं.

वर्षभरापूर्वी हे काम आम्ही सॉफ्टवेअर एजंटांवर, म्हणजे आपल्या वतीनं कामं करणाऱ्या प्रोग्रामांवर सोपवलं. प्रत्येकाचा एजंट कॅलेंडर वाचतो आणि इतरांच्या एजंटांना फक्त ‘मोकळा’ की ‘व्यग्र’ तेवढंच सांगतो. दवाखाना आहे की मुलाखत, हे बाहेर जात नाही. हे मला फार आवडलं. घड्याळांचा घोळही मिटला. सोयीसाठी आम्ही सगळ्यांनीच एजंटाला परस्पर होकार द्यायची मुभा दिली होती.

मग एका महिन्यात तारीख पहिल्या झटक्यात जुळली. कॉलवर एक मैत्रीण मात्र गप्प गप्प होती. शेवटी तिनं सांगितलं, नोकरी गेली. ऑफिसच्या सगळ्या मीटिंगा रद्द झाल्या, म्हणून तिचं कॅलेंडर कोरं होतं. एजंटानं ते ‘मोकळी’ असं वाचलं आणि होकार कळवून टाकला. पूर्वीसारखं ग्रुपवर विचारलं असतं तर तिनं नुसतं ‘बघते’ लिहिलं असतं. आणि तिचं ‘बघते’ वाचून आमच्यापैकी कुणीतरी त्याच रात्री फोन केला असता.

एमआयटीच्या संशोधक पॅटी मेस यांनी १९९४ मध्येच अशा एजंटांसाठी दोन उंबरठे सुचवले होते. एजंटाची खात्री पहिल्या उंबरठ्यापर्यंत पोचली तर त्यानं फक्त सुचवायचं, दुसराही ओलांडला तरच स्वतः करायचं. दोन्ही कुठं ठेवायचे, ते माणसानं ठरवायचं. आम्ही दुसरा उंबरठा एजंटांना बंदच करून टाकला. एजंट आता तीन मोकळ्या वेळा सुचवतो, होकार ज्यानं त्यानं स्वतः लिहायचा. चार-पाच मेसेज वाढले, वाढू देत.

गेल्या महिन्यात भारतातल्या मित्रानं लिहिलं, ‘बघतो.’ मी लगेच फोन लावला.