तो नाचणारा गातच नव्हता, मग?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्याकडे बोनी एम या सत्तरच्या दशकातल्या डिस्को बँडची गाणी सुरू असली की कुणीतरी हमखास विचारतंच, अहो त्यातला तो बॉबी फॅरेल नुसता नाचायचा, गातच नव्हता, हे कळल्यावर फसवल्यासारखं नाही वाटलं का?

नाही वाटलं. कारण मुळात तो नाचताना आम्ही बघितलाच कुठे होता!

गोष्ट खरीच आहे. स्टुडिओतला तो जाडाभरडा पुरुषी आवाज फ्रँक फारियान नावाच्या जर्मन निर्मात्याचा. बायकांचे आवाज लिझ मिचेल आणि मार्शा बॅरेटचे, त्यात फारियानने वरच्या पट्टीत स्वतःचा आवाजही मिसळलेला. मेझी विल्यम्स स्टेजवर असायची पण रेकॉर्डवर नाही. ज्यांनी टीव्हीवर बॉबीला छाती उघडी टाकून उड्या मारताना बघितलं, त्यांचा राग मी समजू शकतो. पण आमच्याकडे १९८२ साली टीव्हीच नव्हता, होती ती एक साठ मिनिटांची कॅसेट, ती पण ओरिजिनल नाही, बाजारातल्या रेकॉर्डिंगवाल्याला यादी देऊन भरून घेतलेली, त्यामुळे कव्हरवर फोटो नाही, नुसतं निळ्या पेनने लिहिलेलं 'बोनीयम'. एकच शब्द, मला कितीतरी वर्षं ते एका माणसाचंच नाव वाटायचं. म्हणजे फसवणूक सगळी चित्रात होती, आणि आमच्यापर्यंत पोचला तो फक्त आवाज.

शब्दांचा तर प्रश्नच नव्हता. 'रासपुतीन' हे त्यांचं एक गाणं, पण मला ते सर्दीच्या गोळीचं नाव वाटायचं. (बॉबी गेला तो ३० डिसेंबर २०१० ला, सेंट पीटर्सबर्गमध्ये. खरा रासपुतीन, म्हणजे रशियाच्या झारच्या दरबारात वजन असलेला तो बुवा, तोही त्याच शहरात, त्याच तारखेला मारला गेला, १९१६ साली. हे वाचलं तेव्हा मात्र अंगावर काटा आला.) 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' हे बायबलमधलं स्तोत्र आहे, देशोधडीला लागलेल्या लोकांचं रडगाणं, आणि बोनी एमच्या आधी १९७० मध्ये जमैकाच्या मेलोडियन्सनी ते गायलंय, हे मला चाळिशीत कळलं. आम्ही त्यावर गणपतीत नाचलोय! मंडळाच्या कर्ण्यावर आरती संपली की हेच, आणि कुणालाच काही खटकायचं नाही.

आता ती गाणी फोनवर ऐकली की मला एकदम घाईत असल्यासारखी वाटतात. आमच्या टेपची मोटर मंद होती, टेप अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची, त्यात ती ताणली गेलेली, त्यामुळे आमचा बोनीयम सावकाश आणि घोगरा गायचा. चूक फोनची नाही, पण माझ्या कानाला तोच ओरिजिनल वाटतो त्याला मी काय करू.

आणि अजून एक. भावाने एकदा प्लेबरोबर रेकॉर्डचंही बटण दाबलं. 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन'च्या मधोमध चार सेकंद गाणं गायब आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "अरे दूध बघ रे कुणीतरी!" मग परत गाणं. पुढची सात-आठ वर्षं आम्ही ते गाणं तसंच म्हणायचो, दुधासकट, शेजारची पोरंसुद्धा.

परवा भाच्याने ब्लूटूथ स्पीकरवर हेच गाणं लावलं. ती जागा आली आणि माझ्या तोंडून आपोआप "दूध बघ रे" निघालं. भाचा माझ्याकडे बघायला लागला. आई कॉटवर बसून शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "कुणी बघितलं नव्हतं त्या दिवशी. सगळं उतू गेलं होतं."