सेक्शन एटचे व्हाउचर आणि सांगलीचा सातबारा

मध्य न्यू जर्सीत आपल्या लोकांची वस्ती दाट आहे, पण ‘सेक्शन एट’, म्हणजे घरभाड्यासाठी सरकारी मदतीची योजना, हे शब्द या वस्तीत कोणी मोठ्याने उच्चारत नाही. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर दोन मुलांना घेऊन मी एका ओळखीच्या काकूंच्या बेसमेंटमध्ये राहत होते. या योजनेबद्दल मला पहिल्यांदा सांगितले ते एका अमेरिकन नर्सने. मी ज्या आजींची देखभाल करायला जात असे, त्यांच्याकडे ती आठवड्यातून एकदा येई. माझा पहिला प्रश्न होता, ‘हे भिकेसारखे नाही ना?’ तिला तो प्रश्नच कळला नाही, आणि त्याचे मला नंतर बरेच वाटले.

१९७४ च्या गृहनिर्माण कायद्यातून आलेल्या या योजनेत पैसा अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याचा असतो आणि कारभार स्थानिक हाऊसिंग ऑफिस पाहते. घर मात्र खासगी मालकाचे असते आणि ते आपणच शोधायचे असते. कुटुंबाने आपल्या हिशेबी, म्हणजे ठरलेल्या वजावटी जाऊन उरलेल्या, उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के रक्कम घरासाठी द्यायची आणि उरलेले भाडे, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, ऑफिस थेट मालकाला पाठवते. या मदतीच्या मंजुरीचा कागद म्हणजे व्हाउचर. आपल्या रेशनकार्डाची सवय असलेल्या माणसाला एक गोष्ट पचायला जड जाते, ती म्हणजे पात्र असलेल्या प्रत्येकाला मदत मिळत नाही. भाड्यासाठी केंद्राची मदत मिळू शकेल अशा चार कुटुंबांपैकी जेमतेम एकाला ती मिळते, बाकीची वेटिंग लिस्टवर असतात किंवा लिस्टच बंद असते. शिवाय नोकरीच्या एच-वन किंवा त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-फोर व्हिसावरच्या माणसाला ती मिळत नाही. माझे ग्रीन कार्ड वेगळे होण्याआधीच हातात आले होते आणि मुलांचा जन्म इथला, म्हणून आमचे तिघांचेही कागद चालले.

आमच्या भागातली लिस्ट २०१९ मध्ये थोड्या दिवसांसाठी उघडली, तेव्हा मी ऑनलाइन अर्ज भरला. सोडतीत नाव आले आणि त्यानंतर तीन वर्षे काहीच घडले नाही. मध्यंतरी काकूंनी ते घर विकले आणि आम्ही दुसरीकडे एका खोलीत गेलो. पत्ता बदलल्याचे हाऊसिंग ऑफिसला लेखी कळवायचे असते हे मला ठाऊकच नव्हते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आलेले पत्र जुन्या पत्त्यावर पडले, आणि नव्या घरमालकांनी ते फेकून न देता काकूंना फोन केला एवढ्यावरच माझे नशीब टिकले. उत्तराची मुदत दहा दिवसांची होती, त्यातले सात गेलेले होते. उत्तर आले नाही की नाव सरळ कमी होते.

मुलाखतीला मी पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेची विवरणे, मुलांचे जन्मदाखले, घटस्फोटाचा आदेश आणि पोटगी प्रत्यक्षात मिळत नसल्याचा कोर्टाचा कागद घेऊन गेले. समोरच्या बाई फॉर्मवरचे प्रश्न एका सुरात वाचत होत्या. त्यातला एक प्रश्न असा होता की, कुठेही, कोणत्याही देशात, तुमच्या नावावर जमीन किंवा घर आहे का. मी ‘नाही’ म्हणणारच होते, तेवढ्यात आठवले की वडील गेल्यावर सांगली जिल्ह्यातल्या शेताच्या सातबाऱ्यावर दोन्ही भावांबरोबर माझेही नाव वारस म्हणून लागले आहे. ऊस भाऊ करतो, मला त्यातला रुपयाही येत नाही, हक्कसोडपत्र करून देण्याचा विषय दर दिवाळीला फोनवर निघतो आणि तिथेच राहतो. पण नाव होते. खाली सही करायची होती आणि खोटी माहिती दिल्यास काय होईल हे त्याच पानावर लिहिलेले होते, म्हणून मी ‘हो’ म्हटले.

पुढचे दोन आठवडे त्या ‘हो’चे झाले. डिजिटल सहीचा सातबारा भावाने ऑनलाइन काढून पाठवला, त्याचे इंग्रजी भाषांतर करून घेतले, आणि एकर म्हणजे चाळीस गुंठे, माझा वाटा अठरा गुंठ्यांचा, हे त्या बाईंना कागदावर चौकट काढून समजावले. त्यांनी शांतपणे विचारले, ‘पीक कोण खाते?’ मी म्हटले, ‘कारखाना आणि भाऊ.’ वाट्याची किंमत अंदाजे नऊ हजार डॉलर धरली गेली. त्या वेळच्या नियमाप्रमाणे मालमत्ता पाच हजार डॉलरच्या वर गेली की तिच्यापासून प्रत्यक्ष मिळणारे उत्पन्न किंवा ०.०६ टक्के दराने धरलेले उत्पन्न, यातले जे जास्त असेल ते मोजायचे होते. हिशेब वर्षाला ५ डॉलर ४० सेंटचा निघाला. महिन्याच्या आकड्यावर त्याचा काहीच परिणाम झाला नाही. पण तो प्रश्न मी दडवला असता आणि पुढे कधी उघडकीस आला असता, तर व्हाउचर तर गेलेच असते, वर दिलेले पैसे परत मागितले गेले असते. अंगावरच्या दागिन्यांची मला उगाचच धास्ती होती. रोजच्या वापरातले दागिने मालमत्तेत धरत नाहीत.

माझा हिशेब असा होता. तासाला १७ डॉलर, आठवड्याला ३० तास, म्हणजे वर्षाला २६,५२० डॉलर. त्यातून दोन मुलांचे प्रत्येकी ४८० आणि मुलांना सांभाळणाऱ्या बाईंना मी देत असलेले वर्षाचे ३,००० वजा झाले, उरले २२,५६०. महिन्याला १,८८०, आणि त्याचे ३० टक्के म्हणजे ५६४ डॉलर. दोन बेडरूमच्या घरासाठी आमच्या ऑफिसने मला सांगितलेली मर्यादा १,९०० डॉलरची होती, आणि भाडे व वीज-गॅसचा ऑफिसने धरलेला अंदाज यांची बेरीज त्या मर्यादेशी ताडायची असते. व्हाउचर हातात पडण्याआधी दोन तासांची एक ब्रीफिंग सक्तीची होती. तिथे हेच गणित पडद्यावर दाखवले गेले, पण इतक्या भरभर की खोलीतल्या निम्म्या लोकांनी फक्त मान डोलावली. मी घरी येऊन वहीत तीनदा मांडले. पुढे कामाला आली ती ही वहीच.

व्हाउचरवर साठ दिवसांची मुदत होती. पहिल्या तीन आठवड्यांत मी अठरा फोन केले, त्यातल्या अकरा जणांनी ‘आम्ही सेक्शन एट घेत नाही’ एवढेच सांगून फोन ठेवला. न्यू जर्सीच्या भेदभावविरोधी कायद्यात भाडे कोणत्या वैध मार्गाने भरले जाते यावरून घर नाकारायला मनाई आहे. हे मी दोघांना सांगून पाहिले. एकाने लगेच सूर बदलला, दुसऱ्याने घर ‘नुकतेच गेले’ म्हणून सांगितले. काही जण भाड्याच्या तिप्पट पगार हवा म्हणत, आणि ती तिपटीची अट संपूर्ण भाड्याला न लावता भाडेकरूच्या वाट्यालाच लावायची असते हे त्यांना समजावण्यात संध्याकाळी जात. नागरी हक्क विभागाकडे तक्रार करता येते, पण साठ दिवसांचे घड्याळ चालू असताना तक्रारीच्या मागे लागायचे की घराच्या, हा प्रश्न मला तरी अवघड नव्हता.

मग एक घर मनासारखे सापडले. शाळा चालत जाण्याइतकी जवळ, स्वयंपाकघरात खिडकी, आणि मालक आपल्याकडचेच गृहस्थ. भाडे २,०००, वीज-गॅसचा अंदाज १४०, एकूण २,१४०. मर्यादेच्या वरचे २४० मला भरायचे होते, म्हणजे माझा वाटा ८०४ झाला असता. नव्या घरात शिरताना कुटुंबाचा वाटा हिशेबी उत्पन्नाच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि माझे ४० टक्के होत होते ७५२. घर बावन्न डॉलरनी हुकले. गृहस्थ प्रेमळपणे म्हणाले, ‘ताई, कागदावर एकोणीसशे दाखवू, वरचे शंभर मला रोख देत जा, कोणाला कळणार आहे?’ कागदावर ते खरोखरच बसत होते. वाटा ७०४ आला असता. मी एक रात्र विचार केला, हे कबूल करते. पण ठरलेल्या भाड्याखेरीज मालकाला वेगळे पैसे देणे हा व्हाउचर रद्द होण्याचा सरळ रस्ता आहे हे ब्रीफिंगच्या पानावर ठळक अक्षरांत होते, आणि शिवाय तो शंभराचा दोर कायमचा त्यांच्या हातात राहिला असता. सकाळी मी नकार कळवला.

मुदतवाढ लेखी मागितली, आणखी साठ दिवस मिळाले. ब्याऐंशीव्या दिवशी १९६२ साली बांधलेल्या इमारतीत तळमजल्यावरचे १,७५० डॉलरचे घर मिळाले. मालकाने मंजुरीचा अर्ज भरून दिला. तो ऑफिसात दाखल झाल्यावर मुदतीचे घड्याळ थांबते, हे कळले तेव्हा मी पहिल्यांदा नीट झोपले. आसपासच्या तशाच घरांची भाडी पाहून ऑफिसने १,७५० योग्य ठरवले आणि इन्स्पेक्टर आले.

पहिल्या तपासणीत घर नापास झाले. मुलांच्या खोलीच्या खिडकीची कडी लागत नव्हती, पॅसेजमधला धुराचा अलार्म बंद होता, आणि चौकटीवरचा रंग उडाला होता. रंगाचे काम सर्वांत लांबले. १९७८ पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालील मूल राहणार असेल तर शिशाच्या भीतीने उडालेला रंग तसाच ठेवता येत नाही, आणि माझी धाकटी तेव्हा चार वर्षांची होती. इन्स्पेक्टरांनी बोटाने चौकट खरवडली तेव्हा नखाएवढे पांढरे पोपडे खाली पडले, आणि इतकी घरे पाहूनही मी कधी चौकटीकडे पाहिलेच नव्हते हे मला जाणवले. घर पास होऊन करार होईपर्यंत ऑफिस एक पैसाही देत नाही, त्यामुळे तोवर सामान हलवू नका असे मला दोनदा बजावले होते. मालकाला काम करून घ्यायला तीन आठवडे लागले.

अनामत रक्कम व्हाउचरमध्ये येत नाही. इथे ती दीड महिन्याच्या भाड्यापर्यंत घेता येते, म्हणजे माझ्या बाबतीत २,६२५ डॉलर. अर्धे मी साठवले होते, अर्धे काकूंनी दिले. ते त्यांना फेडायला मला चौदा महिने लागले.

२०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही राहायला गेलो. मालकाला ऑफिसकडून १,३२६ आणि माझ्याकडून ४२४ (माझ्या ५६४ मधून वीज-गॅसच्या अंदाजाचे १४० जाऊन), शिवाय विजेचे व गॅसचे बिल माझे. उत्पन्नाची फेरतपासणी दर वर्षी होते आणि मधे काही बदलले तर ते कळवावे लागते. पुढच्या वर्षी माझे आठवड्याचे तास ३६ झाले, महिन्याला ४४२ डॉलर जास्त मिळू लागले आणि भाड्यातला माझा वाटा १३३ डॉलरनी वाढून ५५७ झाला. मैत्रीण म्हणाली, मग जास्त काम करून काय मिळवलेस? उरलेले तीनशे नऊ मिळवले, आणि त्यातूनच काकूंचे शेवटचे हप्ते गेले.

मागच्या महिन्यात मंदिरात एका मुलीने मला बाजूला घेऊन हळूच विचारले की तिचे नाव दोन वर्षांपूर्वी लिस्टवर लागले आहे, आता तिने काय करावे. मी तिला विचारले की या दोन वर्षांत तिने घर बदलले का. ती ‘हो’ म्हणाली. सोमवारी सकाळी ऑफिस उघडायच्या वेळी आम्ही दोघी तिथे होतो.