हॅमॉकचे पट्टे: मुक्कामाच्या झाडापाशी

दिवसभराची चाल संपवून मुक्कामाला पोचलो की सॅक उतरवायच्या आधी आम्ही वर बघतो, कारण झोपायचं हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांत पट्ट्यांनी टांगलेल्या कापडी झोळीत. वाळलेली किंवा मोडून लटकलेली फांदी दिसली की ते झाड बाद, अंतर कितीही जमत असलं तरी. खोड जिवंत हवं, निदान 15 सेंटिमीटर जाडीचं, आणि खांद्याने रेटलं तरी न हलणारं. दोन झाडांत चार ते पाच मीटर, म्हणजे पाच-सहा मोठी पावलं.

झाडाला दोरी बांधायची नाही, हे पक्कं. बारीक दोरी सालीत रुतते, आणि सालीच्या लगेच आतल्या थरातूनच पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे उतरत असतं. तो थर चेपला की झाडाची उपासमार सुरू होते, बाहेरून फारसं काही दिसत नाही. म्हणून पट्टा किमान अडीच सेंटिमीटर रुंद. साल पातळ, गुळगुळीत असेल तर पाच.

पट्टा पॉलिस्टरचा घ्यावा. नायलॉन मजबूत असतो, पण ताणतो, आणि भिजला की जास्तच. संध्याकाळी गुडघ्याएवढा उंच टांगलेला हॅमॉक मध्यरात्री जमिनीला टेकतो. प्रत्येक बाजूला तीन मीटर लांबी पुरेशी वाटते खरी, पण 50 सेंटिमीटर जाडीच्या खोडाला एक वेढा घातला की दीड मीटरहून जास्त पट्टा तिथेच संपतो. जुनी, मोठी झाडं असतील तिथे आम्ही चार मीटरचेच नेतो.

बांधताना पट्टा सालीवर सपाट बसला पाहिजे. पीळ पडला की रुंदीचा उपयोगच गेला, म्हणून खोडामागे हात घालून बोटांनी चाचपून घ्यायचं. एका टोकाच्या शिवलेल्या फासातून दुसरं टोक ओवून ओढायचं. फासाच्या जागी कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) अडकवून वेढा आवळू नये: मग त्यावर तीन बाजूंनी ओढ बसते आणि त्याचं तोंड झाडावर दाबलं जातं. कॅराबिनरची जागा हॅमॉकच्या टोकाशी, ओढ त्याच्या लांबीच्या रेषेत.

खरी मेख कोनात आहे. पट्टा आडव्या रेषेशी 30 अंशांवर असेल, तर 70 किलोच्या माणसाचा प्रत्येक पट्ट्यावर साधारण 70 किलोच ताण येतो. हॅमॉक सपाट व्हावा म्हणून पट्टा खेचून कोन 10 अंशांवर आणला, की तोच ताण 200 किलोंवर जातो. पाच अंशांवर 400. शिवण उसवते, खोडं आत खेचली जातात, आणि एवढं करून झोप काही सपाट लागत नाही. ढिला टांगा आणि तिरके झोपा, पाठ आपोआप सरळ होते. अंतर साडेचार मीटर असेल तर पट्टा खोडाला पावणेदोन मीटर उंचीवर बांधावा, बसल्यावर बूड जमिनीपासून साधारण 45 सेंटिमीटरवर राहतं.

एकदम अंग टाकायचं नाही. आधी हाताने दाबायचं, मग हळूच बसायचं, उठायचं, वेढा खाली सरकला असेल तर पुन्हा बसवायचा.

पावसात पाणी खोडावरून पट्ट्यावर येतं आणि पट्ट्यावरून थेट अंथरुणात. हॅमॉकच्या टोकाजवळ, ताडपत्रीच्या आडोशाला, पट्ट्याला वीतभर सुती दोरा बांधून खाली लोंबता ठेवला, की पाणी त्यावरून निथळतं.

सकाळी पट्टा गुंडाळताना तो बोटांतून पूर्ण लांबीभर ओढायचा. डिंक पुसायचा. कडेचे धागे निघालेले, किंवा शिवणीपाशी उन्हाने रंग उडून कापड कडक झालेलं लागलं, तर तो पट्टा पुढच्या मुक्कामाला झाडावर चढत नाही.